सीमेवरील चाळणी आणि चिकित्सालयातील प्रश्न
आंतरराष्ट्रीय प्रवाशांमधील विषाणूप्रकारांच्या तपासणीचा अभ्यास

प्रस्तावना

आंतरराष्ट्रीय विमानतळ, बंदर किंवा भूसीमेवरील नाका येथे होणारी प्रवाशांची तपासणी हा शासकीय यंत्रणेचा विषय आहे, त्याच्याशी खाजगी व्यवसाय करणाऱ्या वैद्याचा संबंध नाही, असा समज आपल्यापैकी अनेकांच्या मनात असणे स्वाभाविक आहे. परंतु सीमेवर तपासून सोडलेला प्रवासी दोन-तीन दिवसांनी अंगदुखी, घसादुखी आणि ताप घेऊन येतो तो आपल्याच चिकित्सालयात. अनेकदा तर थेट औषधी दुकानातच. "विमानतळावर तपासणी झाली आहे, अहवाल चांगला आहे," हे वाक्य २०२१ आणि २०२२ या वर्षांत आम्ही रुग्णांच्या तोंडून वारंवार ऐकले. या वाक्यावर वैद्याने किती विसंबावे, हा प्रस्तुत लेखाचा विषय आहे.

जागतिक आरोग्य संघटनेने कोविड-१९ ची आंतरराष्ट्रीय आणीबाणी ५ मे २०२३ रोजी संपल्याचे जाहीर केले. भारतातील विमानतळांवर येणाऱ्या २ टक्के प्रवाशांची तपासणीही जुलै २०२३ मध्ये थांबविण्यात आली. आज घाई नाही, म्हणूनच झालेल्या अनुभवाचा शांतपणे अभ्यास करण्याची ही योग्य वेळ आहे. पुढील साथ येईल तेव्हा अशी सवड मिळणार नाही.

शास्त्रीय आधार

चरकसंहितेच्या विमानस्थानातील तिसऱ्या अध्यायात जनपदोद्ध्वंसाचे विवेचन आहे. वायू, जल, देश आणि काल हे चार भाव सर्वांना समान असल्याने ते बिघडले म्हणजे भिन्न प्रकृतीच्या माणसांनाही एकाच वेळी एकच व्याधी होतो, हा त्या अध्यायाचा गाभा आहे. सुश्रुताचार्यांनी निदानस्थानात कुष्ठाच्या प्रकरणाच्या शेवटी औपसर्गिक रोगांचा, म्हणजे निकट सहवासाने एकाकडून दुसऱ्याकडे जाणाऱ्या रोगांचा उल्लेख केला आहे. या दोन्ही विचारांची येथे आपल्याला गरज आहे.

चरकाच्या त्याच अध्यायातील आणखी एक गोष्ट आम्हांस विशेष महत्त्वाची वाटते. गंगातीरी कांपिल्य येथे पुनर्वसू आत्रेय अग्निवेशाला सांगतात की, भूमी विरस होण्यापूर्वीच औषधींचा संग्रह करून ठेवावा. संकटाची चिन्हे दिसताच, प्रत्यक्ष संकट पोहोचण्यापूर्वी मिळणाऱ्या अवधीचा उपयोग करणे, असा त्याचा अर्थ आहे. सीमेवरील तपासणीचे खरे प्रयोजनही हेच आहे. ते कसे, हे पुढील विवेचनावरून स्पष्ट होईल.

विषाणूचा 'प्रकार' म्हणजे काय

कोविड-१९ च्या विषाणूचा जनुकीय आराखडा सुमारे ३०,००० अक्षरांचा आहे. विषाणू शरीरात स्वतःच्या प्रती काढतो तेव्हा या अक्षरांत अधूनमधून चुका होतात. बहुतेक चुका निरुपयोगी ठरतात. काही चुकांमुळे मात्र विषाणू अधिक वेगाने पसरतो किंवा पूर्वी मिळालेल्या प्रतिकारशक्तीला चकवतो. अशा बदलांचा समूह घेऊन पसरणारा वंश म्हणजे नवा विषाणूप्रकार होय. देशांच्या नावांनी हे प्रकार ओळखले जाऊ लागल्याने त्या त्या देशाविषयी आकस निर्माण होऊ लागला. म्हणून ३१ मे २०२१ रोजी जागतिक आरोग्य संघटनेने त्यांना अल्फा, बीटा, गॅमा, डेल्टा अशी ग्रीक अक्षरांची नावे दिली.

येथे एक भेद नीट लक्षात घ्यावा. आरटी-पीसीआर चाचणी विषाणू आहे की नाही एवढे सांगते. तो कोणत्या प्रकारचा आहे हे कळण्यासाठी जनुकीय क्रमनिर्धारण म्हणजेच जिनोम सिक्वेन्सिंग करावे लागते. त्यास नमुन्यात विषाणूचे प्रमाण पुरेसे असावे लागते आणि निष्कर्ष हाती येण्यास बहुधा काही दिवस लागतात. तेवढ्या काळात प्रवासी घरी पोहोचलेला असतो. म्हणजे विमानतळावर नमुना घेतला जातो. विषाणूप्रकार ओळखला जातो तो प्रयोगशाळेत, पुष्कळ नंतर.

सीमेवरील तपासणीच्या पद्धती

१) तापमान मोजणे : ही सर्वांत जुनी, स्वस्त आणि सर्वांत दुबळी पद्धत. २००३ च्या सार्स साथीत कॅनडाच्या विमानतळांवर सुमारे ६५ लाख वेळा प्रवाशांची तपासणी झाली. त्यांतून सुमारे ९,१०० जणांना पुढील परीक्षेसाठी बाजूला काढण्यात आले. त्यांपैकी एकालाही सार्स नव्हता. भारतातही जानेवारी २०२० च्या मध्यापासून चीनहून येणाऱ्या प्रवाशांचे तापमान मोजले जात होते. तरीही ३० जानेवारी रोजी केरळमध्ये नोंदविला गेलेला देशातील पहिला रुग्ण वुहानहून परतल्यानंतर, केरळमध्येच निदान झालेला होता.

याचे कारण अधिशयनकालात आहे. विषाणूचा शरीरात प्रवेश आणि लक्षणांची उत्पत्ती यांत काही दिवस जातात. मूळ विषाणूच्या बाबतीत हा काळ सरासरी पाच दिवसांचा, तर ओमिक्रॉनच्या बाबतीत सुमारे तीन दिवसांचा होता. षट्क्रियाकालाच्या भाषेत बोलायचे, तर तापमापक यंत्राला केवळ व्यक्तावस्था दिसते. अर्थात ही तुलना समजण्याच्या सोयीसाठी आहे. अधिशयनकाल आणि दोषांचे क्रियाकाल या एकच गोष्टी आहेत, असे आमचे म्हणणे नाही.

२) प्रश्नावली व स्वयंघोषणा : कोठून आलात, वाटेत कोठे थांबलात, काही लक्षणे आहेत काय, हे विचारणे. हिचे यश प्रवाशाच्या खरेपणावर अवलंबून असते.

३) आगमनानंतरची आरटी-पीसीआर चाचणी : ही पुष्कळ अधिक संवेदनशील आहे. परंतु प्रवासाच्या आदल्या दिवशी ज्यास संसर्ग झाला त्याची चाचणी उतरल्या दिवशी नकारात्मकच येण्याचा संभव अधिक. म्हणूनच १ डिसेंबर २०२१ पासून भारताने जोखमीच्या देशांतून येणाऱ्यांसाठी आगमनानंतरची चाचणी, सात दिवस गृहविलगीकरण आणि आठव्या दिवशी पुन्हा चाचणी, असा नियम केला होता.

४) सामूहिक नमुने व विमानातील सांडपाणी : अमेरिकेच्या रोगनियंत्रण केंद्राने सप्टेंबर २०२१ पासून काही विमानतळांवर प्रवाशांचे स्वेच्छेने दिलेले, नाव नसलेले नासास्रावाचे नमुने एकत्र करून तपासण्यास आरंभ केला. ओमिक्रॉनचा बीए.३ हा उपप्रकार त्या देशात अन्यत्र आढळण्याच्या ४३ दिवस आधी या मार्गाने लक्षात आला. ऑगस्ट-सप्टेंबर २०२२ मध्ये न्यूयॉर्कच्या केनेडी विमानतळावर विमानांच्या शौचालयांतील सांडपाण्याचे ८० नमुने तपासले असता ६५ नमुन्यांत विषाणू आढळला. या पद्धतीत कोणा एका प्रवाशाला अडविले जात नाही. काय येत आहे एवढेच कळते.

यश कोठे, अपयश कोठे

सीमेवरील तपासणीचे सर्वांत स्पष्ट यश जपानचे आहे. ब्राझीलच्या ॲमेझॉनास राज्यातून आलेले चार प्रवासी २ जानेवारी २०२१ रोजी टोकियोच्या हानेदा विमानतळावर तपासणीत बाधित आढळले. त्यांच्या नमुन्यांचे क्रमनिर्धारण केले असता विषाणूचा एक नवा प्रकार सापडला आणि जपानने तो त्याच आठवड्यात जगास कळविला. हाच पुढे गॅमा म्हणून ओळखला गेला. अर्ध्या पृथ्वीपलीकडे पसरत असलेला प्रकार एका विमानतळावर ओळखला गेला, ही लहान गोष्ट नव्हे.

याच्या उलट अनुभव नेदरलँड्सचा. २६ नोव्हेंबर २०२१ रोजी दक्षिण आफ्रिकेहून अ‍ॅम्स्टरडॅमला आलेल्या दोन विमानांतील ६२४ प्रवाशांपैकी ६१ बाधित निघाले आणि त्यांतील किमान १४ जणांत ओमिक्रॉन सापडला. तपासणी कडक होती, निष्कर्ष अचूक होता. परंतु त्यानंतर जुने नमुने पाहिले असता, १९ आणि २३ नोव्हेंबर रोजी त्या देशात घेतलेल्या नमुन्यांतही ओमिक्रॉन आढळला. म्हणजे दाराशी पहारा बसण्यापूर्वीच पाहुणा घरात आला होता.

भारतातही तेच दिसले. देशातील पहिले दोन ओमिक्रॉन रुग्ण २ डिसेंबर २०२१ रोजी कर्नाटकात जाहीर झाले. त्यांपैकी एकाने परदेशप्रवास केलेलाच नव्हता.

अल्फा प्रकाराच्या वेळचा अनुभव अधिक बोधप्रद आहे. २५ नोव्हेंबर ते २३ डिसेंबर २०२० या काळात ब्रिटनहून सुमारे ३३,००० प्रवासी भारतीय विमानतळांवर उतरले होते. धोका कळल्यानंतर राज्यांच्या आरोग्य यंत्रणांनी त्यांचा मागोवा घेऊन चाचण्या केल्या. २९ डिसेंबर रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने दिलेल्या माहितीनुसार तोवर ११४ जण बाधित आढळले होते आणि त्यांपैकी सहा जणांत अल्फा प्रकार निश्चित झाला होता. बंगळूरमध्ये तीन, हैदराबादमध्ये दोन आणि पुण्याच्या राष्ट्रीय विषाणूविज्ञान संस्थेत एक. येथे प्रवासी शोधले गेले ते गावोगावी आणि घरोघरी. सीमेवरील नोंद हा केवळ आरंभ होता.

दोन टक्क्यांचे गणित

२४ डिसेंबर २०२२ पासून भारताने आंतरराष्ट्रीय विमानांतील २ टक्के प्रवाशांची यादृच्छिक तपासणी पुन्हा सुरू केली. "शंभरांत दोघांना तपासून काय साधणार?" असा प्रश्न त्या वेळी अनेकांनी विचारला. प्रश्न योग्य आहे, आणि उत्तर गणितात आहे.

एका विमानात ३०० प्रवासी आहेत आणि त्यांपैकी तिघे बाधित आहेत, असे समजू. २ टक्के म्हणजे सहा जणांची तपासणी होणार. या सहांत त्या तिघांपैकी एक तरी असण्याची शक्यता जेमतेम ६ टक्के. म्हणजे अशा शंभर विमानांपैकी चौऱ्याण्णव विमानांतील सर्व बाधित निर्वेधपणे बाहेर पडतील. रोग्याला अडविण्याचे साधन म्हणून ही तपासणी जवळजवळ निरुपयोगी ठरते.

परंतु त्याच शंभर विमानांचा एकत्र विचार करा. आता ६०० जणांची तपासणी झाली. त्यांत सरासरी सहा बाधित सापडतील, आणि एकही न सापडण्याची शक्यता शंभरात अर्ध्या टक्क्याहूनही कमी आहे. म्हणजे बाहेरून काय येत आहे, हे कळण्याचे साधन म्हणून तीच तपासणी अत्यंत विश्वसनीय ठरते.

या लेखातील मुख्य प्रतिपादन हेच आहे. सीमेवरील तपासणी ही भिंत नाही, खिडकी आहे. ती रोग थांबवीत नाही. रोगाची चाहूल देते आणि काही दिवसांचा, क्वचित काही आठवड्यांचा अवधी मिळवून देते. हा अवधी कोणी वापरावयाचा, हा खरा प्रश्न आहे. आणि त्याचबरोबर, "विमानतळावर तपासणी झाली आहे" हे रुग्णाचे वाक्य निदानात आधार म्हणून घेता येत नाही, हेही यावरून सिद्ध होते.

महाराष्ट्राचा धडा

फेब्रुवारी २०२१ मध्ये आपल्या देशातील विमानतळांवरील सारे लक्ष ब्रिटन, दक्षिण आफ्रिका आणि ब्राझील येथील प्रकारांकडे होते. १७ फेब्रुवारी रोजी त्यासाठी नवी नियमावलीही निघाली. त्याच महिन्यात अमरावतीसह विदर्भात रुग्णसंख्या वेगाने वाढत होती. २४ मार्च २०२१ रोजी केंद्रीय आरोग्य मंत्रालयाने जाहीर केले की, महाराष्ट्रातील १५ ते २० टक्के नमुन्यांत दोन विशिष्ट उत्परिवर्तने एकत्र आढळली असून, ती पूर्वी नोंदल्या गेलेल्या चिंताजनक प्रकारांशी जुळत नाहीत. बी.१.६१७ या वंशाची ही चाहूल होती. त्याच वंशातील एक शाखा पुढे डेल्टा म्हणून जगभर पसरली.

हा प्रकार कोणत्याही विमानतळावर सापडला नाही. तो आपल्याच गावांतून, आपल्याच रुग्णांच्या नमुन्यांतून कळला. डिसेंबर २०२० मध्ये दहा प्रयोगशाळांना एकत्र जोडून 'इन्साकॉग' हे जाळे उभे राहिले होते, म्हणून तो कळू शकला. परंतु प्रयोगशाळेला नमुना मिळण्यासाठी कोणीतरी रुग्णाला चाचणीसाठी पाठवावे लागते. आपल्या अनेक गावांत तापाच्या रुग्णाला सर्वप्रथम पाहणारा 'कोणीतरी' हा वैद्यच असतो.

मुंबईच्या इतिहासातही याचा दाखला आहे. सप्टेंबर १८९६ मध्ये मुंबईत आलेला प्लेग ओळखला तो मांडवी भागात खाजगी व्यवसाय करणाऱ्या डॉ. अकासिओ व्हिएगस यांनी, रुग्णांना तपासताना. पुढच्या वर्षी पुण्यात घराघरांत घुसून जी तपासणी झाली, तिच्या दहशतीने लोक रोगी लपवू लागले, हेही आपणास ज्ञात आहे. ओळख झाली ती चिकित्सकाच्या प्रश्नाने. लपवाछपवी झाली ती बळजबरीने.

हे सूत्र देशांनाही लागू पडते. दक्षिण आफ्रिकेने २४ नोव्हेंबर २०२१ रोजी ओमिक्रॉनची माहिती तत्परतेने जगास दिली आणि काही दिवसांतच अनेक देशांनी त्या देशाची विमाने बंद केली. खरे सांगणाऱ्यास शिक्षा झाली, तर पुढील वेळी सांगण्यास विलंब होतो. मार्च २०२० मध्ये आपल्या राज्यात गृहविलगीकरणातील व्यक्तींच्या डाव्या हातावर शिक्के मारण्यात आले, तेव्हा त्यामागचा हेतू सावधगिरीचा होता. पण शेजाऱ्यांच्या नजरांमुळे अनेक कुटुंबांना प्रवास ही लपविण्याची गोष्ट वाटू लागली. चिकित्सालयात आपण रुग्णाला रागावलो, तर तोही प्रवास लपवील.

वैद्यांनी काय करावे

दर्शन, स्पर्शन आणि प्रश्न या त्रिविध परीक्षेपैकी पहिल्या दोन गोष्टी यंत्रे काही अंशी करू शकतात. प्रश्न मात्र विश्वासाच्या नात्यानेच विचारता येतो, आणि ते नाते विमानतळावरील अधिकाऱ्यापेक्षा आपल्यापाशी अधिक आहे. म्हणून आम्ही पुढील क्रम सुचवितो.

१) ज्वर, कास, प्रतिश्याय किंवा अतिसाराच्या प्रत्येक नव्या रुग्णास गेल्या चौदा दिवसांतील प्रवास विचारावा. केवळ त्याचा नव्हे, घरातील सर्वांचा आणि घरी आलेल्या पाहुण्यांचाही. देश, वाटेतील थांबे आणि परतल्याची तारीख केसपेपरवर लिहावी.

२) पहिले लक्षण कोणत्या दिवशी दिसले, ते लिहावे. चाचणीचा अर्थ लावण्यास ही तारीख अत्यावश्यक आहे.

३) जुना नकारात्मक अहवाल आजच्या लक्षणांपुढे ग्राह्य धरू नये. लक्षणे नवीन असतील तर चाचणीही नवीन हवी.

४) "हवापालटामुळे ताप आला" या रुग्णाच्या निदानास लगेच मान डोलावू नये. ऋतुसंधी आणि देशांतर ही ज्वराची कारणे असू शकतात. पण संसर्ग वगळल्यानंतरच ती मान्य करावीत.

५) एकाच कुटुंबात, वसतिगृहात किंवा कामाच्या ठिकाणी सारख्याच लक्षणांचे अनेक रुग्ण दिसल्यास प्राथमिक आरोग्य केंद्रास किंवा महापालिकेच्या आरोग्य अधिकाऱ्यास त्वरित कळवावे. निदान निश्चित होण्याची वाट पाहू नये.

६) रक्तातील प्राणवायूचे प्रमाण ९४ टक्क्यांखाली गेल्यास, श्वास लागल्यास, किंवा रुग्ण गोंधळल्यासारखा वागू लागल्यास विलंब न करता रुग्णालयात पाठवावे. आपली औषधे चालू ठेवण्याचा आग्रह यापुढे दुय्यम समजावा.

७) प्रवासाची माहिती गोपनीय ठेवावी. ती आरोग्य यंत्रणेला सांगावी, शेजाऱ्याला नव्हे.

औषधी दुकानदारांनी काय करावे

आपल्या दुकानाचा विक्रीचा हिशोब हाही साथीचा एक मापक आहे. सितोपलादी, तालीसादी यांसारख्या चूर्णांची किंवा खोकल्याच्या औषधांची मागणी ऋतू नसताना दुप्पट झाली, तर ती केवळ व्यवसायाची आनंदवार्ता नसते. आठवड्याचा साधा हिशोब ठेवावा आणि असा बदल दिसताच जवळच्या वैद्यास व आरोग्य अधिकाऱ्यास सांगावे. परदेशातून आलेल्या रुग्णासाठी घरचे लोक केवळ लक्षणे सांगून औषध नेत असतील, तर त्यांस आधी परीक्षा करून घेण्याचा सल्ला द्यावा.

नव्या विषाणूप्रकाराचे नाव वृत्तपत्रांत येताच त्या नावाने काढे आणि 'प्रवास संच' विकण्याचा मोह मात्र कटाक्षाने टाळावा. कोविडवरील उपचाराच्या दाव्यांच्या जाहिराती रोखण्याचे आदेश आयुष मंत्रालयाने १ एप्रिल २०२० रोजीच दिले होते. परंतु आम्ही हे केवळ कायद्याच्या भीतीने सांगत नाही. असा संच घेतलेला मनुष्य स्वतःस सुरक्षित समजतो, चाचणी टाळतो आणि घरातील वृद्धांच्या शेजारी बसतो. त्याची किंमत आपण नव्हे, ते वृद्ध मोजतात. आणि त्यानंतर शास्त्रावरील विश्वास जो उडतो, तो कोणत्याही औषधाने परत येत नाही.

सारांश

सीमेवर तापमान मोजून फारसे काही हाती लागत नाही. चाचणी आणि क्रमनिर्धारण यांनी येणाऱ्या प्रकाराची ओळख पटते. पण त्याचा प्रवेश क्वचितच थांबतो, आणि बाहेर पाहत असताना नवा प्रकार घरातही उत्पन्न होऊ शकतो. सीमा आपल्याला अवधी देते. त्या अवधीत रुग्णाचा प्रवास विचारणारा, तारखा लिहिणारा, वेळेवर चाचणीस पाठविणारा आणि खोटे आश्वासन न विकणारा व्यवसायबंधू गावात असेल, तरच त्या अवधीचे चीज होते. वैद्यबंधू-भगिनींनी उद्यापासूनच आपल्या केसपेपरवर 'प्रवास' असा एक रकाना वाढवावा, एवढी एकच विनंती करून आम्ही हा लेख पूर्ण करतो.